अण्णाला किल्ले दाखवले तेव्हा

गेल्या मार्गशीर्षात मी चार दिवसांत चार किल्ले पाहिले. भालकी, बीदर, कल्याण आणि कलबुर्गी. चारही आमच्याच मुलखातले, कल्याण म्हणजे बीदरजवळचं. पहिला तर माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. ज्यांनी ते पाहिले नाहीत त्यांनी जरूर जावं. थंडीत जावं, पाणी जवळ ठेवावं, कल्याणला चपला घालून चढू नये. माझं जाणं मात्र हौसेचं नव्हतं. मी माझ्या भावाला घेऊन गेले होते, आणि परतले ती एकटी.

अण्णा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. आमचं गाव खटकचिंचोळी. वडील रस्त्याच्या कामावर खडी फोडायचे. धम्म घेतल्यावर त्यांनी एकच गोष्ट लावून धरली, पोरांनी शिकायचं. मी मास्तरीण झाले. अण्णा हैदराबादला इमारतींचं शिकला, तिथून शिष्यवृत्तीवर फ्रान्सला गेला आणि तिकडचाच झाला. तिथल्या खेड्यांत डोंगरमाथ्यावर पडके किल्ले आहेत, कित्येक शतकांपूर्वीच्या सरदारांनी बांधलेले. त्यांच्या भिंती सांभाळायचं काम अण्णाने जन्मभर केलं. खडी फोडणाऱ्याचा मुलगा सरदारांच्या भिंती राखतो, याचं वडिलांना हसूही यायचं आणि अभिमानही वाटायचा.

दोन वर्षांपूर्वी त्याला विसरायचा आजार जडला. आधी नावं गेली, मग रस्ते गेले, मग फ्रेंच गेली. त्याची बायको मार्तीन तिकडचीच. तिला मराठीतले चार शब्द येतात. एक दिवस तिने मला फोन केला आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "सुमन, हा दिवसभर काहीतरी बोलतो. मला एक अक्षर कळत नाही. ऐक आणि सांग." तिने ध्वनिमुद्रण लावलं. अण्णाचा आवाज होता, पण बोली चाळीस वर्षांपूर्वीची, आमच्या गल्लीतली. "मला घरी जायचंय. कामून बसवून ठेवलाव मला? माय वाट बघायली."

मी वैनीला अर्थ सांगितला. तिने तो पुन्हा एकदा सांगायला लावला. मग म्हणाली, "मी त्याला घेऊन येते."

भालकी

हैदराबादच्या विमानतळावर अण्णा चाकांच्या खुर्चीतून बाहेर आला. उंच माणूस, आता खांद्यात वाकलेला, डोक्यावर लोकरीची टोपी. मी पुढे होऊन म्हणाले, "अण्णा, मी सुमन." त्याने माझ्याकडे पाहून नम्रपणे मान हलवली, ओळख नसलेल्या पाहुण्याकडे पाहून हलवतात तशी.

दुसऱ्या दिवशी चिंचोळीला नेलं. आमचं घर होतं तिथे आता एक पत्र्याचं दुकान आहे, खताचं. अण्णा गाडीतून उतरला नाही. शाळा दाखवली, विहीर दाखवली. त्याच्या वर्गातला एक म्हातारा काठी टेकत आला, खिडकीतून आत वाकला आणि म्हणाला, "वळखलास का बे मला?" अण्णा म्हणाला, "व्हय." म्हातारा खूश होऊन गेला. मला त्या 'व्हय'चा अर्थ कळला होता. मुलाखतीला बसलेला विद्यार्थी प्रश्न न कळता तसं 'हो' म्हणतो.

चिंचोळीत जे झालं नाही ते संध्याकाळी भालकीच्या किल्ल्यात झालं. किल्ला गावातच आहे, घरांच्या गर्दीत उभा, आणि गावकरी त्याच्याकडे बघत नाहीत. अण्णा तटापाशी गेला, टोपी काढली आणि भिंतीला तळवा लावला. मग बोटाने सांधा उकरून चिमूटभर चुना जिभेवर ठेवला.

"चुना चांगला हाय," तो म्हणाला. "पर हितं कुणीतरी सिमिट भरलंय. दगूड श्वास कसा घील?"

वैनीने माझा दंड धरला. तिला तेच दाखवायचं होतं. तिकडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की याच्या हातांना अजून आठवतं, याला भिंतींजवळ न्या. म्हणूनच आम्ही पुढच्या किल्ल्यांसाठी गाडी ठरवली. चालक बीदरचा, मस्तानभाई नावाचा, पन्नाशीतला शांत माणूस. मला अम्मा म्हणायचा आणि अण्णाला साब.

बीदर

बीदरचा किल्ला लाल जांभ्याचा आहे. वाघांच्या दरवाजातून आत गेलं की मन दबतं. भिंती इतक्या रुंद की वरून बैलगाडी जावी, आणि बाहेर खडकात खोदलेले खंदक, एकामागे एक. वैनी म्हणाली, तिकडचे किल्ले यापुढे लहान. एखाद्या टेकाडावर अर्धा बुरूज, खाली मेंढ्या, कोपऱ्यात एक बाक, आणि तिकीट फाडायला गावातली निवृत्त बाई. आत कुणी राहत नाही, कुणी नाव कोरत नाही. भिंतीच्या माथ्यावर मुद्दाम गवत वाढू देतात, म्हणजे पाऊस आत मुरत नाही. आमच्याकडे गवतही उगवतं आणि नावंही, पण मुद्दाम काहीच नाही.

पहारेकऱ्याने रंगीन महाल उघडून दिला. काळ्या दगडात शिंपले जडवलेले. मी चाळीस वर्षं पोरांच्या सहली इथे आणल्या, पण दर वेळी पोरं मोजण्यात वेळ गेला. या खेपेला मोजायला एकच होता. अण्णा शिंपल्यांकडे वळलाच नाही. तो कोपऱ्यातली एक चीर बघत होता.

"ही भेग जुनी हाय का नवी?" त्याने पहारेकऱ्याला विचारलं.

"क्या मालूम साब," तो म्हणाला.

"काचपट्टी लावा. भेगेवर काच चिकटवायची. काच फुटली की समजायचं, भिंत चालायली."

मी वैनीला हे सांगितलं. ती हसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने सांगितलं, त्याने हे तिकडे शंभर भिंतींवर केलं. त्याचं एक वाक्य ठरलेलं असायचं. पडलेलं पुन्हा उभं करायला जाऊ नका, उभं आहे ते पडू देऊ नका.

दुपारी खंदकाच्या कडेला डबा उघडला. अण्णाने भाकरी हातात घेतली, उलटीपालटी केली आणि ती भिंतीच्या खाचेत बसवायला लागला. मी त्याचा हात धरला. "अण्णा, खायची हाय ती." त्याने माझ्याकडे रागाने पाहिलं. तो राग मी पहिल्यांदा पाहिला. भाकरीचे तुकडे खाली पडले. वैनी ते एकेक वेचून रुमालात बांधत होती. तेव्हाच, माझ्याकडे न बघता, ती बोलली.

"सुमन, माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. फेब्रुवारीत. त्यानंतर मला याला उचलता येणार नाही. तिकडे अशा लोकांसाठी घर असतं. स्वच्छ असतं, माणसं चांगली असतात. पण तिथे याची भाषा कुणालाच येत नाही."

तिने रुमालाला गाठ मारली.

"मी याला दाखवायला आणलं नाही," ती म्हणाली. "ठेवायला आणलंय. तू ठेवशील का, ते विचारायला."

समोरच्या तटावर माकडं बसली होती. अण्णा त्यांच्याकडे बोट करून एकटाच काहीतरी पुटपुटत होता.

कल्याण

तिसऱ्या दिवशी येळवस होती. लातूरकडचे वाचक जाणतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्या सीमेवरची सगळी गावं शेतात जेवतात. कडब्याची खोप करायची, पांडवांचे दगड पुजायचे, शेताभोवती अंबील शिंपडायची आणि वाटेने जाईल त्याला जेवायला घालायचं. त्या दिवशी तुमची जात, भाषा आणि घाई कुणी विचारत नाही.

दुबलगुंडीच्या फाट्याजवळ एका बाईने रस्त्यावर येऊन आमची गाडीच अडवली. डोक्यावर पदर, हात पिठाचे.

"येळवस हाय आन तसंच जायलाव व्हय? उतरा. जेवूनच जावा."

"अक्का, आम्ही एक-दोघं नाही, चौघं आहोत," मी म्हणाले.

"चौघं काय, चाळीस आना. भज्जी उरायलीय."

मस्तानभाईने गाडी बांधावर लावली. ज्वारी कणसात आलेली, मध्ये हरभऱ्याचे तास, खोपीत गारवा. पानावर भज्जी पडली. ओल्या तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे दाणे आणि पालेभाजी एकत्र शिजवून केलेली. बाजरीचे उंडे, म्हणजे उकडलेले गोळे, गव्हाची खीर आणि मडक्यातली ज्वारीच्या पिठाची आंबट अंबील. वैनीने अंबिलीचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि मग पूर्ण तांब्या संपवला. अक्का खूश. "गोरी हाय पर आपली हाय," ती म्हणाली.

आणि अण्णा. अण्णाने उंडा मोडला, भज्जीत बुडवला, बोटं चाटली. मग उठला, हातात अंबिलीचं मडकं घेतलं आणि शेताच्या कडेकडेने चालत अंबील शिंपडू लागला. कुणी सांगितलं नव्हतं. घरातला कर्ता पुरुष त्याच्या मागे चालू लागला, कौतुकाने. वेढा पुरा करून अण्णा परत आला, माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "सुमे, तुला वाढलं का कुणी?"

सुमे. मला ही हाक मारणारी माणसं आता उरलेली नाहीत. मी पदर तोंडात धरून बसले.

"कायकू रोते अम्मा," मस्तानभाई हळूच म्हणाला. "पहचान लिए ना साब."

त्या ज्वारीत बसून मी वैनीला शब्द दिला. "राहू दे त्याला माझ्याकडे. मी बघते." वैनीने माझे दोन्ही हात कपाळाला लावले. ते तिकडचं वळण नव्हे. कुठून शिकली कोण जाणे.

कल्याणचा किल्ला त्यानंतर पाहिला. काळ्या दगडाचा, टेकाडांच्या आडोशाला असा बसलेला की जवळ जाईपर्यंत दिसत नाही. दरवाजातून दरवाजात वाट वळत जाते. वर वारा, तोफा आणि लांबवर पांढुरकी ज्वारी. मला त्या दिवशी सगळंच सुंदर दिसत होतं. अण्णाची खाट कुठे टाकायची, न्हाणीघराला कडी बाहेरून लावायची का, असले हिशेब मी तटावर बसून करत होते. तो पुन्हा 'सुमे' म्हणाला नाही, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

कलबुर्गी

कलबुर्गीच्या वाटेवर तूर काढणी चालली होती. रात्री कलबुर्गीतच मुक्काम केला, सकाळी वैनी थकली होती. ती लॉजवर पडून राहिली. मी म्हणाले, आजपासून सवय करू या, मी एकटीच नेते.

कलबुर्गीचा किल्ला इतर तिन्हींसारखा ओसाड नाही. आत बिऱ्हाडं आहेत, पिढ्यान्‌पिढ्यांची. तटाला टेकून घरं, घरांपुढे कपडे वाळत घातलेले, कोंबड्या. मोठी मशीद आहे, छताखाली कमानींच्या रांगा, कुठून कुठे पाहावं कळत नाही. तिथे अण्णा एकेक खांब हाताने मोजत फिरला. मला बरं वाटलं. बाहेर आल्यावर त्याला एका ओट्यावर बसवलं आणि समोरच्या टपरीवर चहा सांगायला गेले. मस्तानभाई गाडी लावायला गेला होता. मी दोन कप घेऊन वळले, तर ओटा रिकामा.

त्यानंतरचे तीन तास मी काय केलं ते मला सलग आठवत नाही. गल्ल्यांतून धावले. "लोकरीची टोपी घातलेला म्हातारा बघितला का?" मराठीत विचारलं, कन्नडमध्ये विचारलं, दख्खनीत विचारलं. खंदकात पाणी आहे. मी कडेला जाऊन पाण्याकडे बघायची आणि परत फिरायची. मस्तानभाई एका बाजूने शोधत होता. वैनीला कळवायची माझी छाती झाली नाही.

शेवटी मस्तानभाईने हाक मारली. तटाला लागून असलेल्या एका घरात अण्णा बसला होता. घरातल्या म्हातारीने त्याला चटईवर बसवून चहा दिला होता. त्याची विजार ओली झाली होती, म्हणून तिने त्याच्या कमरेला स्वतःच्या नवऱ्याची लुंगी गुंडाळली होती. तो निवांत होता. तिच्या भिंतीला कान लावून बसला होता.

"बहुत शरीफ आदमी है," म्हातारी म्हणाली. "दीवार का दर्द पूछ रहा था."

मी त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि त्याचे हात धरले. "अण्णा, कुठं गेलतास? मी किती हुडकायली तुला."

त्याने हात सोडवून घेतले. "ही बाई कोन?" त्याने म्हातारीला विचारलं. "हिला भायेर काढा."

"अण्णा, मी सुमी."

"सुमी ल्हान हाय," तो म्हणाला. "सुमी साळंत गेलीय."

मी पुन्हा हात धरायला गेले. त्याने मला ढकललं. जन्मभर दगड हाताळलेले हात. मी उंबऱ्यावर पडले आणि उजव्या मनगटात काहीतरी कट्‌कन मोडलं. म्हातारीने मला उठवलं. मस्तानभाईने अण्णाला पाठीमागून मिठी मारून धरलं आणि तो हळू आवाजात सारखा म्हणत राहिला, "नक्को साब, नक्को. बहन है. बहन है तुम्हारी."

दवाखान्यात माझ्या हाताला प्लास्टर घालत असताना वैनी रिक्षाने आली. अण्णा बाहेर बाकावर लुंगीतच बसला होता. तिला पाहून तो उठला, तिचा कोट सारखा केला आणि काहीतरी म्हणाला. अगदी छोटं वाक्य. वैनीने तोंडावर हात दाबला.

"काय म्हणाला?" मी आतून विचारलं.

"फ्रेंच बोलला," ती म्हणाली. "वर्षभरात पहिल्यांदा. म्हणाला, आता घरी जाऊ या का."

इथे मला खरं लिहिलं पाहिजे. ते ऐकून मला वाईट वाटलं नाही. सुटल्यासारखं वाटलं. मनात आलं, याचं घर तिकडे आहे, यानेच सांगितलं, मी कोण अडवणारी. दुसऱ्याच क्षणी हेही कळलं की भाकरी भिंतीत बसवणाऱ्या माणसाच्या वाक्यावर मी एवढा मोठा निर्णय टाकते आहे. पण मी तो टाकला. गळ्यात अडकवलेला हात तिला दाखवून मी म्हणाले, "वैनी, मला नाही जमणार. बघा ना, हातच मोडला."

ती एवढंच म्हणाली, "हो. हात मोडला." तिने मला येळवसच्या शब्दाची आठवण करून दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

परत

पाचव्या दिवशी आम्ही हैदराबादला गेलो. विमानाला वेळ होता. वैनीने वही काढली आणि म्हणाली, "तिथल्या नर्ससाठी शब्द लिहून दे." माझा उजवा हात बांधलेला, म्हणून मी सांगत गेले आणि ती तिच्या लिपीत लिहीत गेली. पाणी. भूक. दुखतंय का. लघवी. थंडी. भिऊ नको. बारा-तेरा शब्द झाले. प्रत्येक शब्द ती मोठ्याने म्हणून बघायची. 'दुखतंय' तिला शेवटपर्यंत नीट म्हणता आला नाही.

मग तिने विचारलं, "आणि तो घरी जायचंय म्हणतो, तेव्हा त्यांनी काय म्हणायचं?"

मी अण्णाकडे पाहिलं. तो विमानतळाच्या काचेच्या भिंतीला तळवा लावून उभा होता. काचेत त्याला काही सापडत नव्हतं.

"म्हणायचं, उद्या जाऊ," मी सांगितलं.

"उद्या जाऊ," तिने दोनदा म्हटलं आणि लिहून घेतलं.

आत जाताना अण्णाने मला नमस्कार केला, पाहुण्याला करतात तसा. मी डाव्या हाताने त्याची टोपी सारखी केली. मस्तानभाई आणि मी बीदरपर्यंत आलो. तिथून पुढे भालकीला सोडताना त्याने माझ्याकडे न बघता विचारलं, "साब उधर ठीक रहते क्या अम्मा?" मी म्हणाले, "हौ."

फेब्रुवारीत वैनीचं ऑपरेशन झालं. ती बरी आहे. अण्णा त्या घरात आहे. फ्रेंचचं ते एकच वाक्य, त्यानंतर पुन्हा नाही. आता पुन्हा चिंचोळीचीच बोली. वैनीने कळवलं की त्याच्या खोलीवरच्या नर्सने शब्द छान पाठ केले आहेत. रोज दुपारी तो बूट घालून दाराशी येऊन उभा राहतो. मग ती त्याला "उद्या जाऊ" म्हणते, आणि तो खाली बसून बूट काढतो.

माझं प्लास्टर मार्चमध्ये निघालं. हात पूर्वीसारखा झाला आहे. ते मी अजून वैनीला सांगितलेलं नाही.